उडती खार

पुण्यामुंबईच्या ज्या घरांत एके काळीं चेतक स्कूटर नांदून गेली, त्या घरच्या मंडळींस पेट्रोल-पंपावरचा एक विधि अजून स्मरत असेल. टांकींत पेट्रोल घालतांना त्याबरोबर थोडें तेलहि मोजून घालावें लागे. तें विसरल्यास इंजिनाचा घसा कोरडा पडे आणि तें जागच्या जागीं अडून बसे. गाडी निघाली कीं मागें निळसर धुराची एक रेघ राही. हा सारा उपचार ज्या जातीच्या इंजिनासाठीं करावा लागे, त्यास दोन ठोक्यांचें, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिन म्हणतात. आतां तें रस्त्यांवरून बहुतेक नाहींसें झालें आहे. स्वस्त, धुरकट, हलक्यासलक्या कामाचें यंत्र एवढीच त्याची प्रसिद्धि मागें उरली. परंतु ह्याच जातीच्या इंजिनावर इंग्लंडमधील एका कल्पक माणसानें अशी एक मोटारसायकल रचली होती कीं, तिला आवर घालण्यासाठीं प्रतिस्पर्ध्यांस नियमांचा आश्रय घ्यावा लागला, आणि त्यानंतरहि ती जिंकतच राहिली. त्या माणसाचें नांव आल्फ्रेड अँगस स्कॉट. त्याच्या गाडीच्या सर्वांत गाजलेल्या अवताराचें नांव 'फ्लाइंग स्क्विरल', म्हणजे उडती खार.

स्कॉटचा जन्म १८७५ मध्यें यॉर्कशायर परगण्यांतील ब्रॅडफर्ड शहरीं झाला. ब्रॅडफर्ड हें लोंकरीच्या गिरण्यांचें गांव. उंच धुराडीं, दगडी घरें आणि शहर संपलें कीं लगेच सुरू होणारी उजाड माळरानें. स्कॉटनें वाफेच्या इंजिनांच्या कारखान्यांत उमेदवारी केली, ही गोष्ट पुढील सर्व कथेच्या दृष्टीनें महत्त्वाची आहे. वाफेच्या इंजिनाचा दट्ट्या जातांनाहि जोर लावतो आणि येतांनाहि लावतो. त्याची चाल कशी अखंड आणि शांत असते. ज्याचा कान त्या चालीवर घडला, त्यास त्या काळच्या पेट्रोल-इंजिनांची धसमुसळी, अडखळत चालणारी गति रुचूं नये, हें स्वाभाविकच होतें. १८९७ पासून १९२० पर्यंत ह्या गृहस्थानें पन्नासांहून अधिक पेटंटें मिळविलीं. त्यांतील पहिल्या पेटंटांपैकीं एक चिमट्यासारख्या ब्रेकचें होतें. एका भक्कम सायकलीस स्वतः बनविलेलें दोन सिलिंडरांचें छोटें इंजिन बसवून त्यानें आपले प्रयोग सुरू केले. तसलेंच इंजिन त्यानें होडीवरहि चालवून पाहिलें.

येथें इंजिनाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. त्यावांचून पुढील भांडणाचें मर्म कळणार नाहीं. १८७६ मध्यें जर्मनींत ऑटोनें जें इंजिन सिद्ध केलें, तें चार ठोक्यांचें. दट्ट्या खालीं येतो तेव्हां पेट्रोल आणि हवा यांचें मिश्रण आंत ओढलें जातें. वर जातो तेव्हां तें दाबलें जातें. ठिणगी पडून मिश्रण भडकलें कीं दट्ट्या जोरानें खालीं ढकलला जातो. आणि पुन्हां वर जातांना जळका वायु बाहेर घालवितो. म्हणजे चार खेपांपैकीं कमाईची खेप एकच. एकानें मिळवावें आणि तिघांनीं बसून खावें, तशांतला हा संसार! ही उधळपट्टी टाळण्याचा मार्ग स्कॉटलंडचा ड्यूगल्ड क्लार्क यानें दाखविला. पुढें १८९१ च्या सुमारास बाथ येथील जोसेफ डे यानें त्यांत मोठी सोपी युक्ति काढली. दट्ट्याच्या खालची पेटी त्यानें हवाबंद केली आणि लोहाराच्या भात्याप्रमाणें तिचा उपयोग केला. दट्ट्या वर जातो तेव्हां त्याच्या डोक्यावरचें मिश्रण दाबलें जातें आणि त्याच वेळीं पायाखालच्या पेटींत नवें मिश्रण ओढलें जातें. वर स्फोट होऊन दट्ट्या खालीं आला कीं सिलिंडराच्या भिंतींतील एक खिडकी उघडी पडते व जळका वायु निघून जातो. लगोलग दुसरी खिडकी उघडते आणि खालीं दाबलेलें ताजें मिश्रण वर येऊन जागा घेतें. झडपा नाहींत, त्या उघडणारे दांडे नाहींत, स्प्रिंगा नाहींत. दर फेऱ्यास एक कमाई.

मात्र ह्या साधेपणांत एक खोट आहे. जुनें जावें आणि नवें यावें, ह्या दोन्ही गोष्टी एकाच क्षणीं घडत असल्यामुळें कांहीं ताजें मिश्रण जळक्या वायूच्या मागोमाग न जळतांच बाहेर पडतें. तें अडविण्यासाठीं दट्ट्याच्या माथ्यावर एक उंचवटा ठेवीत. आंत येणारा झोत त्यावर आपटून वर वळे. त्यानें नुकसान कमी होई, थांबत नसे. ह्या उंचवट्याचा उल्लेख पुढें पुन्हां येणार आहे.

स्कॉटनें असे दोन सिलिंडर शेजारीं-शेजारीं ठेवले, एक दट्ट्या वर असतां दुसरा खालीं अशी योजना केली, आणि मध्यें जड फ्लायव्हील बसविलें. त्यामुळें दर अर्ध्या फेऱ्यास एक जोर मिळूं लागला. चार ठोक्यांच्या इंजिनास तेवढ्यासाठीं चार सिलिंडर लागले असते. १९०८ मध्यें पहिल्या सहा गाड्या तयार झाल्या. त्या स्कॉटसाठीं ब्रॅडफर्डमधील जॉवेट बंधूंनीं आपल्या कारखान्यांत बनवून दिल्या. हेच जॉवेट पुढें मोटारगाड्यांविषयीं नांवाजले.

ती गाडी आज पाहणाऱ्यास विचित्र वाटत नाहीं, हीच तिची थोरवी आहे. त्या काळीं पुष्कळ मोटारसायकली म्हणजे इंजिन टांगलेल्या सायकलीच असत. त्या सुरू करण्यासाठीं हातांनीं ढकलीत धांवावें आणि इंजिन जागें झालें कीं उडी मारून बसावें. चाकास बळ पोंचविण्यासाठीं चामड्याचा पट्टा, आणि पाऊस लागला कीं तो घसरलाच म्हणून समजावें. स्कॉटच्या गाडींत पट्टा नव्हता, सांखळ्या होत्या. ती पायानें किक मारून सुरू होई. तिला दोन गति होत्या आणि त्या बदलण्यासाठीं हाताचें काम नव्हतें: पायाखालचा एक तराफा पुढें दाबला कीं खालची गति, टांचेनें मागें दाबला कीं वरची, आणि मधोमध ठेवला कीं इंजिन मोकळें. पुढच्या चाकास आंतबाहेर सरकणाऱ्या नळ्यांचा आधार असे, तशा प्रकारचा आधार इतर कारखान्यांनीं सर्रास स्वीकारावयास पुढें कित्येक वर्षें जावीं लागलीं. सांगाडा सरळ नळ्यांच्या त्रिकोणांचा, म्हणून हलका आणि ताठ. वरचा आडवा दांडा नाहीं, म्हणून घागरा घातलेल्या बायकांसहि सहज बसतां येई. इंजिन थंड राखण्यासाठीं पाणी वापरलेलें, आणि तें खेळविण्यास पंप नाहीं. तापलेलें पाणी हलकें होऊन आपोआप वर चढावें, रेडिएटरमध्यें निवून पुन्हां खालीं उतरावें, एवढ्यावरच सारा कारभार. न्हाणीघरांतील बंबाचें पाणी वर अधिक कढत कां असतें हें ज्यास ठाऊक आहे, त्यास यांत नवीन शिकण्यासारखें कांहीं नाहीं. पण तें मोटारसायकलींत योजावें हें सुचणें निराळें.

त्याच वर्षीं वाइल्ड बोअर फेल नांवाच्या डोंगरावर चढाची चढाओढ झाली. स्कॉटच्या नव्या गाडीनें तेथें तीन सुवर्णपदकें पटकाविलीं. इतर कारखानदार चिडले. दर फेऱ्यास कमाई करणाऱ्या इंजिनाशीं एकाआड एक फेऱ्यास कमाई करणाऱ्यांनीं झुंजणें हा अन्याय आहे, अशी त्यांची तक्रार. तेव्हां शर्यतींचें नियमन करणाऱ्या ऑटो-सायकल युनियननें ठरविलें कीं, दोन ठोक्यांच्या इंजिनाचें माप १.३२ नें गुणून धरावें. म्हणजे पांचशें घन सेंटिमीटरांचें इंजिन सहाशें साठांचें समजावें. वर्गांतील एक मुलगा फार गुण मिळवितो म्हणून त्याच्या उत्तरपत्रिकेंतून आधींच कांहीं गुण कापून ठेवावे, तसा हा न्याय झाला. स्कॉटनें मात्र रडगाणें गाइलें नाहीं. त्यानें ही गोष्ट आपल्या जाहिरातींत छापली. आमच्या इंजिनाची सरसता प्रत्यक्ष प्रतिस्पर्ध्यांनींच आंकडे घालून सिद्ध केली आहे, असा त्याचा आशय. व्यापाऱ्याच्या अंगीं असा विनोद क्वचित् आढळतो.

खरी कसोटी आयल ऑफ मॅन बेटावर व्हावयाची होती. ह्या बेटावरील टूरिस्ट ट्रॉफी शर्यत १९११ पासून डोंगरी मार्गानें होऊं लागली. एक फेरी सुमारें साडेसदतीस मैलांची, रस्ते कच्चे, धुळीचे, मध्यें गुराढोरांचीं फाटकें. त्या वर्षीं फ्रँक फिलिप यानें स्कॉटवर ताशीं ५०.११ मैलांची, सर्वांत वेगवान फेरी नोंदविली. पण शर्यत त्याच्या हातीं लागली नाहीं. १९१२ मध्यें फ्रँक ॲपलबी आरंभापासून अखेरपर्यंत आघाडीवर राहिला आणि ताशीं ४८.६९ मैलांच्या सरासरीनें त्यानें वरिष्ठ गटाची शर्यत जिंकली. दोन ठोक्यांच्या इंजिनानें ही शर्यत जिंकण्याची ती पहिली वेळ. पुढच्या वर्षीं टिम वुड विजयी झाला, आणि तो किती फरकानें? दोन दिवस चाललेल्या, मैलोगणती लांबलेल्या त्या शर्यतीच्या शेवटीं दुसरा स्वार अवघ्या पांच सेकंदांनीं मागें होता. १९१४ मध्यें त्याच वुडनें ताशीं ५३.५० मैलांची फेरी करून पुन्हां सर्वांस मागें टाकलें; गाडीनें मात्र दगा दिला. त्याच वर्षीं स्कॉटनें आपल्या कामगारांसाठीं यॉर्कशायरच्या माळरानांवरून, ओढ्यानाल्यांतून आणि चिखलांतून जाणारी एक कसोटी आरंभिली. मधले खंड सोडले तर ती 'स्कॉट ट्रायल' अद्यापि होत आली आहे. कारखाना गेला तरी खेळ राहिला.

मग महायुद्ध आलें. स्कॉटच्या गाड्यांस बाजूगाड्या जोडून त्यांवर मशीनगना बसविण्यांत आल्या. आणि येथेंच ह्या कथेस वळण लागलें. तोफेची गाडी कशी असावी ह्याचा विचार करतां करतां स्कॉटच्या मनानें मोटारसायकल सोडून दिली. त्याला तीन चाकांच्या एका नव्या वाहनाचा ध्यास लागला: दोन चाकें एका बाजूस एकामागें एक, तिसरें दुसऱ्या बाजूस, जणूं बाजूगाडीसह मोटारसायकलच, पण सुकाणूचें चाक आणि बसावयास बांक असलेली. तिचें नांव त्यानें 'सोशिएबल' ठेवलें. युद्ध संपल्यावर तो आपल्याच नांवाच्या कंपनींतून बाहेर पडला आणि ब्रॅडफर्डमध्यें निराळा कारखाना काढून सोशिएबल बनवूं लागला. लोकांनीं तिच्याकडे कुतूहलानें पाहिलें, विकत मात्र घेतली नाहीं. सर्व मिळून सुमारें दोनशें गाड्या झाल्या. त्यांत त्याचा पैसा गेला, आणि त्याहून मोलाचीं वर्षें गेलीं. ज्यानें दहा वर्षांत मोटारसायकलीस तिचें आजचें रूप दिलें, तो आणखी दहा वर्षें त्याच कामाशीं निष्ठेनें राहिला असता तर काय झालें असतें, हा प्रश्न त्याच्या चाहत्यांस अजून सतावतो. परंतु अशा माणसांचा पिंडच निराळा. झालेल्या गोष्टींत त्यांचें मन रमत नाहीं.

स्कॉटला डोंगरांतील गुहा आणि विवरें धुंडाळण्याचा नाद होता. यॉर्कशायरमधील चुनखडीच्या डोंगरांत अशीं विवरें पुष्कळ आहेत. दोर सोडून आंत उतरावें लागतें आणि आंत पाणी गोठविणारें असतें. १९२३ च्या उन्हाळ्यांत अशाच एका फेरीहून तो ओल्या कपड्यांनिशीं घरीं परतला. न्यूमोनिया झाला आणि ऑगस्ट महिन्यांत तो वारला. वयाची पन्नाशीहि त्यानें गांठली नव्हती.

ज्या गाडीमुळें त्याचें नांव घरोघर झालें, ती अशा रीतीनें त्याच्या हातची नव्हे. त्याच्या शिष्यांच्या हातची आहे. शिप्ली येथील कारखान्यानें १९२२ च्या हंगामासाठीं ४८६ घन सेंटिमीटरांची 'स्क्विरल' काढली. खार हें नांव ज्यानें सुचविलें त्याचें कौतुक केलें पाहिजे. बुटकी, चपळ, क्षणांत येथें तर क्षणांत तेथें! त्याच साली टूरिस्ट ट्रॉफीच्या वरिष्ठ शर्यतींत तिसरा आणि चौथा हे दोन्ही क्रमांक स्कॉट गाड्यांनीं मिळविले. १९२४ मध्यें हॅरी लँगमन दुसरा आला. नंतर 'सुपर स्क्विरल' आली आणि १९२६ मध्यें 'फ्लाइंग स्क्विरल' अवतरली. ४९८ आणि ५९६ घन सेंटिमीटर अशा दोन मापांत, तीन गतींची, पुढें मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर मिरविणारी.

तिच्या स्वभावाविषयीं तिच्या भक्तांनीं जें लिहून ठेवलें आहे, त्यांतील भाबडेपणा वगळला तरी पुष्कळ उरतें. इतर गाड्यांचें इंजिन हातांस, पायांस, दातांस हादरे देई. खारीचें इंजिन विजेच्या मोटारीसारखें ओढी. सावकाश जातांना तिचा आवाज अनियमित, कुरकुरल्यासारखा येई, कारण कमी पेट्रोलावर ती एकाआड एक ठोके चुकवी. पण मूठ पिळली कीं सारे ठोके जुळून येत आणि एक लांब, चढता, घोगरा सूर उठे. त्या सुराला यॉर्कशायरची मंडळी मैलावरून ओळखीत. इंजिन खालीं बसविलेलें असल्यामुळें भार जमिनीजवळ राही आणि वळणांवर ती रूळ धरल्याप्रमाणें फिरे. डोंगरी रस्त्यांवर तिच्याहून अधिक ताकदीच्या गाड्या मागें पडत, त्या ह्या गुणामुळें. यंत्राच्या दोन्ही अंगांस गोल झांकणें होतीं; तीं उघडलीं कीं आंतील फिरते भाग हाताशीं येत, आणि सारें इंजिन न उतरवितां स्वारास स्वतःच दुरुस्ती करतां येई.

पण ती गरीब गाय नव्हती. पेट्रोल ती भरपूर पीत असे. वंगणाचें तेल थेंबाथेंबानें सोडणारा पंप स्वारानें स्वतः हिशेबानें लावावा लागे. कमी झालें तर दट्ट्या अडकावा, जास्त झालें तर ठिणगीचा प्लग तेलकट होऊन इंजिन मुकें व्हावें. आणि किंमत! त्याच मापाच्या दुसऱ्या चांगल्या गाडीहून ती पुष्कळच महाग पडे. जो तिच्या लहरी सांभाळी त्याच्यावर ती जीव टाकी; इतरांनीं तिच्या वाटेस न जावें हें बरें.

१९२८ मध्यें टॉमी हॅच वरिष्ठ शर्यतींत तिसरा आला आणि त्याच्या गाडीच्या धर्तीवर 'टी. टी. रेप्लिका' नांवाची आवृत्ति विक्रीस निघाली. तोच तिच्या वैभवाचा कळस. पुढें जें घडलें तें जगांतील मंदीनें घडविलें असें सांगण्याचा प्रघात आहे. मंदीचा दोष मोठा खरा. १९३१ मध्यें कारखाना इतका हलाखीस आला कीं, त्यास वार्षिक प्रदर्शनांतहि भाग घेतां आला नाहीं. लिव्हरपूलच्या ॲल्बर्ट रेनल्ड्स नांवाच्या व्यापाऱ्यानें पदरचे पैसे घालून तो वांचविला. परंतु आंतील दुखणें दुसरेंच होतें. स्कॉटनें जें इंजिन विसाव्या शतकाच्या आरंभीं रचलें, तेंच थोड्याफार फरकानें त्याचे वारस बनवीत राहिले. आणि इकडे जर्मनींत श्न्यूर्ले नांवाच्या यंत्रज्ञानें दट्ट्याच्या माथ्यावरील तो उंचवटाच काढून टाकला होता. ताज्या मिश्रणाच्या वाटा अशा तिरप्या कोरावयाच्या कीं, दोन झोत मागच्या भिंतीवर एकत्र येऊन आपोआप वर वळतील. मग दट्ट्या सपाट, हलका आणि थंड राहतो. हा शोध डी. के. डब्ल्यू. कंपनीनें उचलला आणि हजारों मोटारसायकली खपविल्या. १९३८ मध्यें तिचा स्वार एवाल्ड क्लुगे आयल ऑफ मॅनला येऊन हलक्या गटाची शर्यत जिंकून गेला. शिप्लीमध्यें मात्र उंचवटा कायम होता. १९३४ च्या सुमारास तीन सिलिंडरांची एक भव्य गाडी त्यांनीं दाखविली, पण तशा अगदीं मोजक्या झाल्या. बुद्धि नव्हती असें नाहीं, भांडवल नव्हतें. आणि ज्यानें आपलेंच केलेलें मोडून नवें केलें असतें, तो गेला होता. गुरूचें तत्त्व पुढें न्यावें कीं गुरूचें यंत्र जपावें, यांत त्यांनीं दुसरा मार्ग धरला. स्कॉटनें स्वतः पहिला धरला असता, असें त्याच्या एकंदर वृत्तीवरून वाटतें.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ पासून ५९६ घन सेंटिमीटरांची फ्लाइंग स्क्विरल पुन्हां निघूं लागली. पण १९५० मध्यें शिप्लीचा कारखाना बंद पडला. बर्मिंगहॅमच्या मॅट होल्डर यानें हक्क विकत घेतले आणि नंतर कित्येक वर्षें तो अधूनमधून थोड्या थोड्या गाड्या बनवीत असे. पुढें जॉर्ज सिल्क नांवाच्या स्कॉटभक्तानें डर्बीजवळ १९७५ ते १९७९ ह्या काळांत ६५३ घन सेंटिमीटरांची 'सिल्क' मोटारसायकल काढली. पाणी तेंच, पंपावांचून आपोआप खेळणारें. दोन सिलिंडर तसेच शेजारीं-शेजारीं. अशा १३८ गाड्या झाल्या आणि तोहि कारभार आटोपला.

तत्त्व तेवढें टिकलें, तें परक्यांच्या घरीं. साठांनंतरच्या दशकांत जपानी कारखान्यांनीं जर्मन विद्या आत्मसात् करून दोन ठोक्यांच्या इंजिनांस शर्यतींच्या मैदानाचें राज्य मिळवून दिलें, आणि तें राज्य २००१ पर्यंत मोठ्या गटांतहि चाललें. १९७३ मध्यें ऑस्ट्रेलियन स्वार जॅक फिंडले यानें सुझुकीवर बसून आयल ऑफ मॅनची वरिष्ठ शर्यत जिंकली. दोन ठोक्यांच्या इंजिनास त्या शर्यतींत विजय मिळाला, तो टिम वुडच्या पांच सेकंदांनंतर साठ वर्षांनीं.

ब्रॅडफर्डमध्यें एका जुन्या गिरणींत आतां उद्योगधंद्यांचें संग्रहालय आहे. लोंकरीचे माग, वाफेचीं इंजिनें आणि जॉवेटांच्या मोटारी ह्यांच्या सान्निध्यांत तेथें स्कॉटच्या गाड्या ठेविल्या आहेत. आणि त्यांचे भाऊबंद खासगी तबेल्यांतून अजून उन्हाळ्याच्या रविवारीं बाहेर पडतात, रेडिएटरमध्यें पाणी भरून आणि तेलाचा पंप हिशेबानें लावून.